कादंबरी लिहून झाली, आता कुणाकडे?

कादंबरीकाराला मुळशी तालुक्यात विषयांचा तुटवडा नाही. सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला, टाटांच्या धरणाविरुद्धचा १९२१चा सत्याग्रह आहे. त्या धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं आहेत. पुढे लवासा आलं, हिंजवडीचं आयटी पार्क आलं, गुंठ्यांच्या व्यवहारांतून एका पिढीच्या हाती पैसा आला आणि अनेकांच्या हातून तो गेलाही. राजेंद्र व्होरा यांनी सत्याग्रहाचा इतिहास लिहिला. ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये जमीन विकल्यानंतरचं जगणं पडद्यावर आणलं. पौडला, पिरंगुटला किंवा हिंजवडीतल्या नोकरीतून वेळ काढून कुणी यावर कादंबरी लिहून पूर्ण केली, की खरा पेच पुढेच असतो. हे बाड द्यायचं कुणाकडे?

इंग्रजी कादंबरीच्या ऋणनिर्देशात लेखक हमखास आपल्या एजंटचे आभार मानतो. ते वाचून अनेक नवे लेखक मराठीतही असा कुणी मध्यस्थ शोधू लागतात. तो सापडत नाही, कारण मराठीत हा व्यवसाय रुजलेलाच नाही. तो का रुजला नाही आणि त्याचं काम इथे कुणी केलं, हे समजलं तर बरीच पायपीट वाचते.

एजंट नेमकं काय करतो?

लंडनमध्ये ए. पी. वॅट यांनी १८७०च्या दशकात लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करायला सुरुवात केली. व्यावसायिक साहित्यिक एजंटांची परंपरा त्यांच्यापासून मानली जाते. एजंट चार कामं करतो. आलेल्या ढिगातून हस्तलिखित निवडतो, ते दुरुस्त करून घेतो, योग्य संपादकाच्या टेबलावर पोचवतो आणि करार ठरवतो. भाषांतर, चित्रपट, ध्वनिपुस्तक असे हक्क वेगवेगळे विकणं हाही त्या कराराचाच भाग. लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून साधारण १५ टक्के त्याचे. लेखकाला पैसे मिळाले तरच त्याला मिळतात; आधी फी घेणं या धंद्यात बसत नाही.

भारतात इंग्रजीपुरती ही व्यवस्था आहे. बंगळूरची जॅकरँडा, जयपूरची सियाही, दिल्लीची रेड इंक ही त्यातली परिचित नावं. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून डेव्हिड गॉडविन हे एजंट लंडनहून थेट दिल्लीला आले आणि त्या कादंबरीला १९९७चं बुकर मिळालं, ही हकिकत तर नवलेखकांच्या स्वप्नात कायमची जाऊन बसली आहे.

मराठीचा हिशेब

आता हेच गणित मराठीत मांडून पाहू. तीनशे रुपयांची कादंबरी, हजार प्रतींची आवृत्ती, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला तीस हजार रुपये मिळतील. एजंटचे १५ टक्के म्हणजे साडेचार हजार, तेही आवृत्ती संपेपर्यंत थोडेथोडे. त्यासाठी त्याने पाचशे पानं वाचायची, दुरुस्त्या सुचवायच्या आणि दहा दारं ठोठवायची. हा धंदा कुणी का करावा? मराठीत एजंट नाही, याचं कारण मराठी माणसाच्या स्वभावात शोधायची गरज नाही. ते या साडेचार हजारांत आहे.

मग हे काम केलं कुणी?

निवड आणि दुरुस्ती ही कामं मराठीत संपादकांनी केली. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नव्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेतल्या. तिथून ‘साभार परत’ आलेलं लेखनही काही शिकवून जायचं. मासिकातून पारखलेला लेखक पुढे मौज प्रकाशनाच्या पुस्तकापर्यंत पोचे.

दुसरी वाट प्रकाशकाच्या धाडसाची. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीचे रा. ज. देशमुख हे खांडेकर, रणजित देसाई यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकांचे प्रकाशक. त्यांनीच १९६३ मध्ये पंचविशीतल्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ काढली. ही कादंबरी आज पॉप्युलर प्रकाशनाकडे आहे. प्रकाशक बदलू शकतो, कादंबरी लेखकाचीच राहते, हेही या उदाहरणातून लक्षात ठेवावं.

तिसरी वाट दिवाळी अंकाची. ‘मनोरंजन’ मासिकाच्या का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये सुरू केलेली ही परंपरा आजही नव्या नावांची सर्वांत मोठी चाळणी आहे. दिवाळी अंकात कथा किंवा कादंबरीचं एखादं प्रकरण छापून आलं, तर ते प्रकाशकांच्या वाचनात येण्याची शक्यता असते, आणि ओळखीच्या चिठ्ठीपेक्षा ते केव्हाही जास्त वजनदार.

एजंटची निवड आणि दुरुस्ती ही दोन कामं अशी वाटली गेली. उरलेली दोन, म्हणजे योग्य दार शोधणं आणि करार करणं, ही मात्र लेखकावरच आली. तीच आपल्याकडे सर्वांत कच्ची राहिली.

दार निवडताना

मुळशीकराला यात भूगोलाची साथ आहे. मराठी ग्रंथव्यवहाराचं मोठं केंद्र पुणे. अप्पा बळवंत चौक, सदाशिव पेठ, टिळक रस्ता या परिसरात एक दिवस काढावा. दुकानात आपल्या कादंबरीसारख्या कादंबऱ्या कोणत्या प्रकाशनाने गेल्या चार-पाच वर्षांत काढल्या, ते पाहावं. नव्या लेखकांवर कोण पैसे लावतं, याचा अंदाज यादीवरूनच येतो. प्रणव सखदेव यांच्या ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ला २०२१चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. ती कादंबरी पुण्याच्याच रोहन प्रकाशनाची. पाककृती आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणाऱ्याकडे धरणग्रस्तांची कादंबरी पाठवली, तर ‘साभार परत’चा दोष कादंबरीचा नसतो.

पाठवताना सगळं बाड एकदम पाठवू नये. एका पानाचं पत्र, कथानकाचा सारांश शेवटासकट, आणि पहिली दोन-तीन प्रकरणं पुरे. मजकूर युनिकोडमध्ये असावा. मुद्रितशोधन स्वतः करून घ्यावं. उत्तराला काही महिने लागतात हे गृहीत धरावं, पण चार ठिकाणी पाठवलं असेल तर तसं पत्रातच सांगावं.

करार वाचा

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम प्रत्येक नवलेखकाने वाचायला हवं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे त्यात नमूद करावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत. दिलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही; करायचीच तर साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे.

‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ ही एक ओळ महागात पडू शकते. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’, आनंद यादवांची ‘नटरंग’ या कादंबऱ्यांवर चित्रपट झाले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ जेरी पिंटो यांच्या भाषांतराने इंग्रजीत गेली आणि पुढे चित्रपटही झाली. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यानंतर मराठी ध्वनिपुस्तकांनाही बाजार मिळाला. म्हणून छापील पुस्तकाचा हक्क द्यावा. भाषांतर, ध्वनी आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवावेत किंवा त्यांची वाटणी स्वतंत्र आकड्यांत लिहून घ्यावी. भाषांतराचे हक्क हातात असतील, तर इंग्रजी एजंटकडे जाण्याची वाट पुढे केव्हाही उघडी राहते.

पैसे कुणी कुणाला द्यायचे?

हस्तलिखित वाचायची फी मागणारा एजंट नव्हे. ‘दोनशे प्रती तुम्हीच घ्या’ म्हणणारा प्रकाशक आपली जोखीम लेखकाच्या खिशात सरकवतो. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात काही गैर नाही, पण मग ते छपाईचं काम समजून दरपत्रक मागावं आणि हक्क आपल्याकडेच ठेवावेत. त्याआधी एक सरकारी दार ठोठवून पाहावं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे आणि तिच्यात कादंबरीही बसते. पुस्तक आल्यावर प्रथम प्रकाशनासाठी राज्य शासनाचा श्री. ना. पेंडसे पुरस्कार आहे.

मराठी लेखकाने एजंट शोधण्यात वर्षं घालवू नयेत. जो संपादक चाळीस पानं कापायला सांगतो आणि ती का कापायची तेही समजावतो, तो शोधावा. करार मात्र स्वतःच, ओळ न् ओळ वाचावा आणि न समजलेल्या ओळीवर सही करू नये.