टेंट सेकंड हॅण्ड, मुक्काम फर्स्ट क्लास!

नवा टेंट पॉकेटमनीत बसत नाही आणि दर वेळी भाड्याने घेणंही परवडत नाही. मग वापरलेला घ्यायचा का? घ्या की! फक्त तो पिशवीत बघून नाही, उभा करून बघून घ्या.

शेवटचा पेपर टाकून बाहेर पडलं की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, 'नाइट ट्रेक कधी?' दहा मिनिटांत पंधरा जण 'इन' म्हणतात. मग कुणीतरी खर्चाचा हिशेब टाकतं. एसटीचं तिकीट, जेवण, टेंटचं भाडं, त्यावर डिपॉझिट... आणि पंधराचे आठ होतात. गळालेल्यांपैकी कुणाकडे पाहुणे येणार असतात, कुणाची असाइनमेंट राहिलेली असते. खरं कारण बऱ्याचदा पैशाचं असतं, पण ते ग्रुपवर कुणी लिहीत नाही.

खरं तर सह्याद्रीत फिरणं हा स्वस्तातला छंद. लाल एसटी, डब्यातली चपाती-भाजी आणि पायथ्याच्या गावात कुणाकडे तरी पिठलं-भाकरी. खिसा हलका होतो तो रात्रीच्या मुक्कामाला. म्हणूनच ग्रुपचा स्वतःचा एक टेंट असला की 'मला नाही जमणार' म्हणणारे दोघंतिघं परत येतात. आणि तो टेंट नवाच हवा असं कुठे लिहिलंय?

आधी वही-पेन

टेंट विकत घ्यायचाच का, हे आधी ठरवा. वर्षातून एखादीच रात्र बाहेर काढणार असाल, तर सरळ भाड्याने घ्या. आमच्या चौघांच्या ग्रुपला एका रात्रीचं भाडं ३०० रुपये सांगितलं होतं, डिपॉझिट वेगळं. आमचं बजेट होतं प्रत्येकी ५००, म्हणजे एकूण २००० रुपये. सात रात्री वापरला की टेंट फुकटात पडतो, एवढं साधं गणित. सात रात्री होणार असतील तरच पुढचं वाचा!

दुसरी गोष्ट साइजची. टेंटवर 'तीन जणांचा' लिहिलेलं असतं, तेव्हा कंपनीने तीन मॅट शेजारी शेजारी टाकून मोजलेलं असतं. सॅक, बूट आणि झोपेत लाथा मारणारा मित्र त्यात धरलेला नसतो. त्यामुळे दोघांना सामानासकट तीन जणांचा टेंट बरा, तिघांना चार जणांचा. वजनही विचारा. स्वस्तातला दोन-तीन जणांचा टेंट साधारण अडीच-तीन किलोचा असतो आणि तो कुणाच्या तरी पाठीवरूनच वर जाणार असतो. हवेत फेकला की आपोआप उघडणारे टेंट दिसायला भारी. पण त्यांची मोठी गोल चकती घेऊन एसटीच्या दारातून चढून बघा! शिवाय त्यांची आतली रिंग मोडली तर दुरुस्तीचं काम अवघड.

मिळतो कुठे?

सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपलंच कॉलेज. एप्रिल-मे मध्ये फायनल इयरवाले होस्टेल सोडतात, तेव्हा सायकल, कूलर, गादीबरोबर टेंटही विकायला निघतो. विकणारा ओळखीचा असतो, टेंट किती वापरलाय हे तो खरं सांगतो. त्यानंतर ट्रेकिंगचे ग्रुप आणि जुन्या वस्तू विकायचे अ‍ॅप.

भाड्याने टेंट देणारे दुकानदार आणि तलावाकाठचे कॅम्पसाइटवालेही जुना माल काढतात. किंमत कमी असते, पण हे टेंट महिनोन् महिने उन्हात उभे राहिलेले असू शकतात. टेंटच्या कापडाचा खरा शत्रू ऊन असतं. वरचा भाग खालच्यापेक्षा फिका पडलाय का ते बघा. फिक्या भागावरचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. विरल्यासारखं वाटलं, धागे सुटायला लागले तर थँक्यू म्हणून निघा.

उभा केल्याशिवाय पैसे नाहीत

हा एकच नियम पाठ करा. पिशवीत गुंडाळलेला प्रत्येक टेंट चांगलाच दिसतो. विकणारा म्हणाला की 'जागा नाही', तर सोसायटीचं पार्किंग, गच्ची, जवळचं मैदान, काहीही चालेल. पंधरा मिनिटांचं काम आहे. आम्ही तीन टेंट बघितले, त्यातला एक विकणारा उघडायलाच तयार नव्हता. फोटोत तो टेंट सगळ्यात छान होता. आम्ही तसेच परत आलो.

टेंट उभा राहिला की बघायच्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही दुरुस्त होतात, त्यांच्यावर भाव पाडायचा. काही दुरुस्त होत नाहीत, तिथे भाव करायचाच नाही.

दुरुस्त न होणारा सगळ्यात मोठा आजार म्हणजे चिकटपणा. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. ओला टेंट तसाच गुंडाळून दमट जागी ठेवला की काही वर्षांत हा थर विरघळायला लागतो. हाताला चिकट लागतो, पापुद्रे निघतात आणि आंबूस, कुबट वास येतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर हे हमखास. आम्ही पाहिलेला पहिला टेंट फक्त ८०० रुपयांना होता. पिशवीची दोरी सोडल्या सोडल्या तो वास आला आणि पाहणी तिथेच संपली. असा टेंट धुऊन, वाळवून वासातून सुटेल, पण पाऊस अडवणार नाही. बुरशीचे काळे ठिपकेही नीट बघा. थोडे असतील तर ते फक्त दिसायला वाईट. पण ठिपक्यांच्या जागी कापड कमकुवत झालं असेल तर नको.

लेबलवर '२००० एमएम' असा आकडा दिसेल. याचा अर्थ कापडावर २००० मिलिमीटर, म्हणजे २ मीटर उंचीचं पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही. पण हा आकडा नव्या कापडाचा असतो. जुन्याची परीक्षा आपण घ्यायची. वरच्या कापडाचा हाताने खळगा करा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि पाचदहा मिनिटं थांबा. खालून थेंब आले तर थर गेलाय. पाणी नुसतं कापडावर पसरलं, मोत्यासारखं घरंगळलं नाही, तर घाबरू नका. वरची पाणी झटकणारी फवारणी उडालीय एवढंच, ती परत मारता येते.

आता दुरुस्त होणाऱ्या गोष्टी. शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. ती सुटली असेल तर तिथून पाणी येणारच, पण शिवणीला लावायचं सीलर मिळतं. टेंटमध्ये बसून सगळ्या चेन दोनदा उघडा-मिटा. चेन मागून उघडी राहत असेल तर बऱ्याचदा दात ठीक असतात, रनर सैल झालेला असतो. कॉलेजबाहेर बॅगांची चेन दुरुस्त करणारे काका तो बदलून देतात. दातच तुटले असतील तर मात्र अख्खी चेन बदलावी लागते आणि तो खर्च परवडत नाही.

पोलचा प्रत्येक तुकडा हातात घ्या. फायबरच्या पोलला टोकाशी उभी चीर जाते, तिथून बारीक कुसळं निघतात आणि ती हातात घुसतात. त्यामुळे जपून. एखादा तुकडा बदलता येतो, फक्त जाडी मोजून त्याच जाडीचा आणावा लागतो. आतली इलॅस्टिकची दोरी ढिली पडली असेल तर तीही बदलता येते. ताणदोऱ्या आणि खुंट्या मोजा. हमखास कमी असतात!

एक गैरसमजही काढून टाका. 'टेंट गळतो' म्हणून विकायला काढलेला प्रत्येक टेंट गळकाच असतो असं नाही. रात्रभर आपल्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे आतून थेंब पडतात. इनर-आऊटर अशी दोन कापडं असलेल्या टेंटमध्ये हे पाणी बाहेरच्या कापडावर राहतं. म्हणून एकाच कापडाचा टेंट स्वस्त मिळाला तरी विचार करा.

आमचा हिशेब

तिसरा टेंट तीन जणांचा, दोन कापडांचा. कापड कोरडं, वास नाही. पोलचा एक तुकडा चिरलेला, दाराचा रनर सैल, दोन ठिकाणी शिवणीची पट्टी सुटलेली आणि आठ खुंट्या गायब. मागितले १४०० रुपये. आम्ही एकेक गोष्ट दाखवत गेलो आणि ११०० वर डील झालं. पुढचा खर्च असा: पोलचा तुकडा १५०, आठ खुंट्या १६०, रनर ६०, सीलर २५०. म्हणजे टेंट पडला १७२० रुपयांना. भाव करताना हा शेवटचा आकडा डोक्यात ठेवायचा, विकणाऱ्याने सांगितलेला नाही. तसाच नवा टेंट आज कितीला आहे, सेलमध्ये किती खाली येतो, हेही आधी बघून जा. सगळं मिळून नव्याच्या अर्ध्याच्या फार वर जायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

तीन जणांचा टेंट आणि आम्ही चौघं. मग सॅक ठेवायच्या कुठे? उरलेल्या पैशातून २५० रुपयांची जुनी ताडपत्री घेतली. टेंटच्या दारावर तिरकी बांधली, दोन काठ्या लावल्या की झाली पडवी! सॅक, बूट, स्टोव्ह सगळं बाहेर आणि आत चौघं दाटीवाटीने. मोठा टेंट घेण्यापेक्षा छोटा टेंट आणि ताडपत्री हे कधीही स्वस्त. ताडपत्रीची एक बाजू खाली ठेवा, म्हणजे पाणी साचून झोळ होणार नाही. आणि स्टोव्ह टेंटमध्ये किंवा बंद पडवीत कधीही पेटवायचा नाही. आग तर लागतेच, पण कोंडलेला धूर आणि कार्बन मोनॉक्साइड त्याहून वाईट.

'बदली झालीय, टोकन टाका'

ऑनलाइन जाहिरातीत नवाकोरा टेंट अर्ध्याहून कमी किमतीत दिसला की थांबा. 'बदली झालीय, उद्याच निघायचंय, बाकीचे पण मागतायत, ५०० टोकन टाका' ही ठरलेली स्टोरी असते. वस्तू हातात आल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, हे 'रिफंड देतो, कोड स्कॅन कर' म्हणणाऱ्यासमोर आठवा. बघायला दोघं जा, दिवसा जा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, लाजत बसू नका.

घेतला, आता?

टेंट आहे म्हणून कुठेही ठोकता येत नाही. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याचे नियम लागू असतात. संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला बंदी असू शकते. निघायच्या आधी पायथ्याच्या गावात नाही तर वनखात्याकडे विचारा. भंडारदऱ्याकडे मे अखेरीला काजवे बघायला जाताना पहिला वळीव कधीही गाठू शकतो, तेव्हा ताणदोऱ्या आळशीपणा न करता लावा. आणि जुलैच्या धो धो पावसात माथ्यावर जुना टेंट ठोकायचा हट्ट नको. त्यापेक्षा गावातली ओसरी बरी.

घरी आलात की कितीही दमलेले असा, टेंट उलगडून सावलीत पूर्ण वाळवा. एवढं केलंत तर तीन वर्षांनी होस्टेल सोडताना तुम्हीही तो ज्युनिअर्सना विकू शकाल. आणि तो बघायला आलेल्या फर्स्ट इयरच्या पोराला पिशवी देऊन स्वतःच म्हणा, 'आधी उभा करून बघ!'

पैसे देण्याआधी

- पिशवी उघडून पहिला वास घ्या. कुबट आला तर बाय बाय.
- पूर्ण उभा करा, आत बसा, आतून दार बंद करा. उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे भोकं आहेत.
- वरच्या कापडावर तांब्याभर पाणी ओतून बघा.
- सगळ्या चेन दोनदा उघडा-मिटा.
- पोलचे तुकडे, खुंट्या, ताणदोऱ्या मोजा.
- दुरुस्तीचा खर्च मिळवा, मगच भाव सांगा.
- टेंट परत गुंडाळून पिशवीत कसा बसतो ते विकणाऱ्याकडून शिकून घ्या. खरं कसब तिथेच लागतं!