कायोटी आणि कळपाची राखण

अमेरिकेतील टेक्सास प्रांतात मेंढ्यांची मोठमोठी कुरणे आहेत. त्यांना रँच म्हणतात. हरणांच्या शिकारीसाठी रान भाड्याने देऊनही मालकाला पैसा मिळतो. या दोन्हींचा वैरी कायोटी. हा आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. कोकरू दिसले की नरडे धरतो, पाडसही सोडत नाही. मग मालकाने बंदूक उचलली तर नवल काय?

१९३१ साली कायदा होऊन सरकारी मोहीमही चालली. सापळे लावले, विष पेरले. पण कायोटी उलट पसरतच गेला. असे का व्हावे? कायोटीचे जोडपे आपली हद्द राखते. ते मारले की जागा मोकळी होते आणि बाहेरचे तरुण कायोटी आत शिरतात. खाणारी तोंडे घटली, की उरलेल्यांची पिलेही अधिक जगतात.

मग करावे काय? विण्याच्या दिवसांत मेंढ्या आवारात ठेवाव्यात. मेलेले जनावर पुरून टाकावे. कळपातच वाढलेले राखणीचे कुत्रे बाळगावे. आपला धनगरही कुत्री बाळगतोच ना? तरी एखादा कायोटी चटावलाच, तर नेमका तोच मारावा. आणि कुरण पार चारून टाकू नये, कारण उंच गवतातच पाडस दडते. नुसत्या बंदुकीने भागत नाही, राखण लागतेच.