दीड हजाराचा अॅम्प्लिफायर आणि तीन तारांचा लोचा

रिसीव्हर म्हटलं की फर्स्ट इयरच्या पोरांना फोन आठवतो. (आता तोही आठवत नसेल म्हणा!) मी म्हणतोय तो स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओचा ट्यूनर आणि अॅम्प्लिफायर एकाच खोक्यात. भातसानगरला, धरणाच्या वसाहतीत, आमच्याकडे असा एक जपानी रिसीव्हर होता. काकांनी १९८६ साली दुबईहून आणलेला, उचलताना कंबर धरावी असा जड. त्याच्या जागी आता दीड हजार रुपयांचा, तळहातावर मावणारा क्लास-डी अॅम्प्लिफायर आलाय. ही अदलाबदल बऱ्याच घरांत चालू आहे आणि त्यात चांगले जुने स्पीकर हकनाक जळू शकतात, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी जुना खरंच मेलाय का ते बघा. आवाज वाढवताना नुसती खरखर येत असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटमधला मळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की जातो. सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. हेही दुरुस्त होतं. खरी भीती तिसऱ्या आजाराची. स्पीकर काढून ठेवा आणि मल्टिमीटर डीसीवर लावून आउटपुट मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. आमच्या उजव्या चॅनलला ११ व्होल्ट आले! ८ ओहमच्या स्पीकरमध्ये याचा अर्थ ११ चा वर्ग भागिले ८, म्हणजे १५ वॅट नुसती उष्णता. गाणं नाही, शेगडी. आतला एसटीके जातीचा पॉवर मॉड्यूल गेला होता. आसनगावहून लोकल पकडून, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड पालथा घातला. मॉड्यूल मिळतात, पण त्यांत नकली माल फार. बाबा म्हणाले, ‘‘नवीनच घे आता.’’

नव्याच्या खोक्यावर छापलेलं होतं, १०० अधिक १०० वॅट. आता आपण इंजिनिअर, छापलेल्यावर विश्वास कशाला ठेवायचा? अॅडॉप्टर बघायचा. तो होता १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर, म्हणजे एकूण ६५ वॅट. आत ६५ जातात तर बाहेर २०० कुठून येणार? आणखी एक हिशेब. अशा खोक्यांत सर्रास मिळणाऱ्या टीपीए ३११६ सारख्या चिपमध्ये स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलतात, त्यामुळे त्याला जास्तीत जास्त १९ व्होल्ट पीक मिळतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट, म्हणजे ३६१ भागिले १६. साधारण २२ वॅट प्रत्येकी. बस्स.

पण निराश होऊ नका. जुना ४० वॅटचा होता. ४० वरून २२ म्हणजे फक्त २.६ डेसिबलचा फरक, आजीच्या कानाला कळणारही नाही. शिवाय क्लास-बी अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांवर जात नाही, क्लास-डी ९० च्या आसपास जातो. म्हणून तो हीटसिंकचा डोंगर गेला.

आता खरा लोचा. ‘दोन्ही बाजूंनी ढकलतात’ हे वाक्य परत वाचा. जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचं काळं टर्मिनल बहुधा ग्राउंडला असायचं, त्यामुळे दोन्ही काळी टर्मिनलं एकत्र जोडली तरी चालायचं. आमच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी वायर वाचवायला नेमकं तेच केलेलं. शोकेसमागून स्पीकरकडे चार नाही, तीनच तारा! नव्या चिपमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं, त्यावर सिग्नल असतो. डाव्या-उजव्याची काळी एकत्र केली की दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट. चिपमध्ये संरक्षण असतं, पण स्वस्त बोर्डाच्या भरवशावर ते तपासायला जाऊ नये. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी ओढायची, आणि ओढण्याआधी मल्टिमीटरने कंटिन्युइटी बघायची. दहा मीटर वायर, एक दुपार.

रेडिओचं काय? नव्या खोक्यात ब्लूटूथ आहे, ऑक्स आहे, मीडियम वेव्ह नाही. आजीसाठी ट्रान्झिस्टर वेगळा ठेवावा लागला. तोही अॅम्प्लिफायरजवळ नको, कारण ही चिप कमीत कमी ४०० किलोहर्ट्झने स्विच होते आणि तिची दुसरी हार्मोनिक ८०० वर, म्हणजे ऐन मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडते. अॅडॉप्टरची किरकिर वेगळीच. आम्ही ट्रान्झिस्टर खिडकीत हलवला आणि आडवा फिरवून बघितला. आतला फेराइटचा अँटेना दिशा ओळखतो, त्यामुळे नुसत्या फिरवण्यानेही बरीच खरखर जाते.

टर्नटेबल असेल तर फोनो प्रीअॅम्प वेगळा घ्यावा लागेल. कॅसेट डेक मात्र ऑक्सला सरळ चालतो. जुन्या रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे, तो बेंच सप्लायसाठी काढून ठेवलाय. काढण्याआधी प्लग ओढून मोठे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले, तुम्हीही करा.