धाकट्यांसह प्रवाळबेटावर

भारताचा नकाशा तुम्ही अनेकदा पाहिला असेल. केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे, अरबी समुद्रात, काही बारीक ठिपके दिसतात. नकाशा छापताना शाईचे शिंतोडे उडाले असावेत, असे वाटते. पण ते शिंतोडे नव्हेत. ती लक्षद्वीप बेटे आहेत.

१९५६ साली या बेटांचा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७३ साली त्याला लक्षद्वीप हे नाव मिळाले. सरकारी नोंदीप्रमाणे येथे ३६ बेटे आहेत. परंतु माणसांची वस्ती फक्त १० बेटांवर आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली, तरी ती अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. मुंबई शहर जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही! येथे डोंगर नाही, नदी नाही. आहे तो चहूकडे समुद्र, पांढरी वाळू आणि माडांच्या रांगा.

समजा, उद्या तुमच्या घरची मंडळी अशा बेटावर जायला निघाली. तुमच्याबरोबर तुमची धाकटी भावंडे आहेत. मग तुम्ही काय काय कराल? आज आपण त्याचीच माहिती घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे परवानगी. बेटांवर बाहेरच्या लोकांना परवानगीपत्राशिवाय जाता येत नाही. म्हणून तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे ऋतू. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्र खवळलेला असतो. लहान मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नये. पावसाळा संपल्यावर समुद्र शांत होतो, तेव्हाच जावे.

कोकण रेल्वेच्या मार्गाने आपण कोचीला पोहोचतो. तेथून जहाज निघते. बेट जवळचे की दूरचे, यावर प्रवासाचा वेळ अवलंबून असतो. साधारणपणे १४ ते १८ तास लागतात. जहाज बंदराबाहेर पडले, की डोलू लागते. मग काही जणांना मळमळते. याला बोट लागणे म्हणतात. ती का लागते, माहीत आहे काय? आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. जहाज डोलते, तेव्हा कान सांगतो, “आपण हलत आहोत.” पण आपण खोलीत बसलेलो असलो, तर समोरची भिंत स्थिर दिसते. डोळा सांगतो, “आपण हलत नाही.” दोन साक्षीदारांच्या साक्षी जुळत नाहीत. मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळू लागते.

यावर सोपा उपाय आहे. धाकट्या भावंडाला मोठ्या माणसांसह मोकळ्या हवेत न्यावे. जहाजाच्या मधल्या भागात बसावे, कारण तेथे हेलकावे कमी बसतात. दूर जेथे आकाश आणि समुद्र मिळतात, त्या रेषेकडे त्याला पाहायला सांगावे. तळलेले पदार्थ देऊ नयेत. औषध द्यायचेच असेल, तर ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच द्यावे. आणि कठड्यावर मुलाला कधीही उभे करू नये, मग ते कितीही हट्ट करो.

पहाटे बेट दिसते. पण काही बेटांवर जहाज थेट धक्क्याला लागत नाही. ते दूर खोल पाण्यात उभे राहते. मग किनाऱ्यावरून लहान होड्या येतात. जहाज वरखाली होत असते, होडीही वरखाली होत असते. दोन्हींमधली फट क्षणात वाढते, क्षणात कमी होते. अशा वेळी घाई करायची नाही. खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल टाकायचे. लहान मुलाला खलाशाच्या हातात द्यायचे. हातात पिशवी, पाण्याची बाटली, खेळणे काहीही ठेवायचे नाही. सामान मागून येते. सामान पाण्यात पडले तर नवे घेता येते.

होडी बेटाकडे निघाली, की पाण्याचा रंग बदलतो. गडद निळे पाणी संपते आणि हिरवट, काचेसारखे स्वच्छ पाणी लागते. तळाची वाळू दिसू लागते. असे का होते, ते समजण्यासाठी बेटाचा जन्म समजून घेतला पाहिजे.

प्रवाळ म्हणजे पोवळे हा समुद्रातील एक चिमुकला प्राणी आहे. आपल्याभोवती तो चुन्याचे घर बांधतो. असे लक्षावधी प्राणी एकमेकांना चिकटून राहतात. जुने मरतात आणि त्यांच्या घरांवर नवे घर बांधतात. अशा रीतीने हजारो वर्षांत समुद्रात एक भिंत उभी राहते. काही ठिकाणी ही भिंत बांगडीसारखी गोल असते. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८४२ साली याचे कारण सांगितले. त्याच्या मते, समुद्रातील एखाद्या ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रवाळ वाढते. पुढे ते बेट हळूहळू खचून पाण्याखाली जाते. प्रवाळ मात्र सूर्यप्रकाशासाठी वर वर वाढत राहते. शेवटी डोंगर नाहीसा होतो आणि त्याच्याभोवतीची बांगडी तेवढी उरते.

या बांगडीच्या आत जे उथळ, शांत पाणी असते त्याला लगून म्हणतात. लक्षद्वीपच्या बहुतेक बेटांच्या पश्चिमेला असे लगून आहे. बाहेरच्या मोठ्या लाटा प्रवाळाच्या भिंतीवर आपटून फुटतात. म्हणून आतले पाणी शांत राहते. ही भिंत नसती, तर लाटांनी बेटाची वाळू केव्हाच वाहून नेली असती. तिथली शाळा, घरे, विहिरी आणि माड सर्व त्या चिमुकल्या प्राण्यांच्या आधाराने उभे आहेत.

शांत पाणी पाहून आपण निर्धास्त होतो. येथेच धोका असतो. याविषयी मी माझाच एक अनुभव सांगतो.

आम्ही बेटावर गेलो, तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा तीन वर्षांचा. लगूनमधले पाणी माझ्या गुडघ्याइतके होते. मी मुलाचा हात धरून उभा होतो. पायाजवळून निळ्या-पिवळ्या माशांचा थवा गेला. तो पाहायला मी वाकलो आणि माझा हात सुटला. मला वाटले, क्षणभरच तर सुटला! एवढ्यात मुलीची हाक आली, “अब्बा, मुन्ना!” मी वळेपर्यंत तिने त्याला दंडाला धरून वर ओढले होते. तो पाण्यात बसला होता आणि त्याचे डोके पाण्याखाली गेले होते. तो ओरडला नाही, त्याने हातपाय आपटले नाहीत. पाण्याचा साधा आवाजही झाला नाही. वर आल्यावर तो खोकला आणि मग मोठ्याने रडू लागला. त्याचे ते रडणे ऐकून मला किती बरे वाटले, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

मी शिक्षक आहे. मुलांना सूचना देणे हे माझे रोजचे काम आहे. पण त्या दिवशी चूक माझी होती आणि लक्ष मुलीचे होते. आदल्या रात्री तिच्या आईने तिला सांगितले होते, “पाण्यात असेपर्यंत तू फक्त त्याच्याकडे पाहायचे.” तिने ते ऐकले.

म्हणून लक्षात ठेवा, बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्यात असते, मग ते ओरडणार कसे? लहान मूल गुडघाभर पाण्यातही बुडू शकते. पाण्याजवळ मोठ्या माणसांपैकी एकाने पहारेकरी व्हावे. त्याने गप्पा मारू नयेत, छायाचित्रे काढू नयेत. मूल नेहमी हात पोहोचेल इतक्या अंतरावर असावे. त्याच्या अंगात त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट असावे. हवा भरलेली रबरी चकती हे खेळणे आहे. ती जीव वाचवीलच असे नाही. तुम्ही मोठ्यांना मदत करा, पण पहारा सर्वस्वी तुमच्यावर सोपवून मोठ्यांनी निघून जाऊ नये, हेही त्यांना आदराने सांगा.

बेटावरचे ऊनही फसवे असते. वारा सुटलेला असल्यामुळे ते जाणवत नाही. पण हा प्रदेश विषुववृत्ताजवळ आहे. सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. शिवाय पांढरी वाळू आणि पाणी यांवरून ऊन परावर्तित होते. म्हणून सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत लहान मुलांना सावलीत ठेवावे. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि टोपी घालावी. सावली मात्र पाहून निवडावी. नारळ लगडलेल्या माडाखाली चटई टाकू नये. वरून नारळ पडला, तर काय होईल?

मूल तहान लागल्याचे सांगत नाही, म्हणून त्याला थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजावे. जुलाब झाले, तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा. हे पाणी घोटघोट पाजत राहावे आणि मुलाला दवाखान्यात न्यावे.

येथे गोड्या पाण्याची गोष्टच निराळी आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे ते बेटाखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहिरीतून फार उपसा झाला, की खालचे खारे पाणी वर येते. कवरत्ती बेटावर २००५ साली एक प्रकल्प उभारला गेला. त्यात कमी दाबाखाली समुद्राच्या उबदार पाण्याची वाफ करतात आणि खोल समुद्रातील थंड पाण्याने ती वाफ गार करतात. त्यातून दररोज सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी मिळावे, अशी योजना होती. इतक्या कष्टाने मिळालेल्या पाण्याचा नळ धाकट्याने उघडा ठेवला, तर तुम्ही उठून बंद कराल ना?

तुम्हा उर्दू वाचणाऱ्यांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. बहुतेक बेटांवर मल्याळमसारखी भाषा बोलतात. पण मिनिकॉय बेटावर महल नावाची भाषा आहे. तिची थाना ही लिपी उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून तयार झाली आहेत!

आता शेवटची गोष्ट. ओहोटीच्या वेळी माझ्या मुलीला प्रवाळाचा एक सुंदर तुकडा दिसला. तो तिला घरी न्यायचा होता. मी तिला सांगितले, की दगडासारखे घट्ट प्रवाळ वर्षाला साधारण एकच सेंटिमीटर वाढते. म्हणून त्यावर पाय देऊ नये. ते पायाला कापले, तर जखमही लवकर भरत नाही. पायात नेहमी जोडे असावेत आणि चालावे ते वाळूवरून. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळ नेणे हा गुन्हाही आहे. शिवाय प्रवाळावर आधीच संकट आहे. समुद्राचे पाणी फार तापले, की प्रवाळ पांढरे पडते आणि बराच काळ तसेच राहिले तर मरते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपमध्ये असे घडले.

मुलीने विचारले, “अब्बा, एका तुकड्याने काय होणार?”

मी म्हणालो, “तू मुन्नाचा हात एकच क्षण सोडला असतास, तर?”

ती काही बोलली नाही. तिने तो तुकडा जेथे होता तेथेच ठेवला. मग वही काढून तिने त्याचे चित्र काढले आणि मुन्नाला त्यात रंग भरू दिला. रंग रेषेबाहेर गेला आहे. तरीही ते चित्र आजही आमच्या घराच्या भिंतीवर आहे.