‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांसाठी एक कप चहा

गैरसमज : पूर्वी समाजाचं मूल्यांवर एकमत होतं, हल्लीच घराघरांत राजकारण शिरलं.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाजलं आणि एखादा काका ग्रुप सोडून गेला, की पुढच्या लग्नाच्या पंगतीत हे वाक्य हमखास कानावर येतं. ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, असं विचारलं की समोरचा मठ्ठा मागवतो.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर मंडळींची नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापवून आणली (स्क्रीनशॉट फिरवणं आपण शोधलेलं नाही). यादीत सुधारक रानडे होते आणि टिळकही. मग ख्रिस्त्यांच्या चहानं बाटलं कोण, याची चौकशी सुरू : कप तोंडाला कोणी लावला, नुसता हातात कोणी धरला? प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं, तर सुधारकच त्यांच्यावर उखडले. दोन वर्षं, आणि कशावरून, तर चहावरून!

आणि हे किरकोळ. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. टिळकांनी कडाडून विरोध केला. म्हणून त्यांना बालविवाह हवे होते, असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. १८९० मध्येच त्यांनी सुधारकांपुढे प्रतिज्ञा ठेवली होती : मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको; आधी स्वतः सही करा. वाद मुलींच्या वयाइतकाच, ते ठरवायचं कोणी, परक्या सरकारनं की समाजानं, याचा होता. मूल्यांच्या बहुतेक भांडणांत हा ‘कोणी’ दडलेला असतो. बारा वर्षांच्या मुलीला त्या वादाचा काय उपयोग, हे वेगळं.

१८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात सुधारकांची सामाजिक परिषद विरोधक भरवू देईनात. रानड्यांना ती दुसरीकडे न्यावी लागली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये समाजशास्त्रज्ञ द्युरकेमचं पुस्तक आलं. निव्वळ संतांचा समाज घेतला तरी तिथंही बारीकसारीक चुकांचे गुन्हे ठरतील, असं त्यात आहे. पुण्याचा चहा त्याला उदाहरण म्हणून चालला असता.

बाकीचे गैरसमज :

‘एक बाजू नीतीची, दुसरी अनीतीची.’ वर टिळकांच्या प्रतिज्ञेतली सोळा वर्षं पाहा.

‘शिक्षण वाढलं की हे मिटतं.’ टिळक-आगरकर दोघंही डेक्कन कॉलेजचे, एकेकाळचे जिवलग. तरी सुधारणांवरून फाटलं, आणि आगरकरांना जिवंतपणी सनातन्यांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली.