नासाशोथ, चिरकारी : तंत्रिकासंदेशकांचे कार्य
नाकाच्या श्लेष्मकलेचा (बुळबुळीत स्राव स्रवणाऱ्या अस्तराचा) शोथ (दाहयुक्त सूज) दीर्घकाळ, सामान्यतः १२ आठवड्यांहून अधिक, टिकल्यास त्यास चिरकारी नासाशोथ म्हणतात. नाक चोंदणे, पाणी गळणे, खाज व शिंका ही त्याची लक्षणे होत. ॲलर्जी (अधिहर्षता) हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. पुण्यातून ज्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली व जे पुढे राज्यभर पसरले, त्या गाजर गवताच्या परागकणांमुळेही ती उद्‌भवते. तथापि अनेक रुग्णांत ॲलर्जीच्या चाचण्यांतून काहीच आढळत नाही. थंड हवा, धूर वा उग्र वास एवढ्यानेही त्यांना त्रास होतो. अशा विकारात तंत्रिकांचा (मज्जांचा) वाटा महत्त्वाचा असतो.

नाकातील चुरचूर, खाज इ. संवेदना त्रिमूल तंत्रिकेच्या (पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या) सूक्ष्म तंतूंमार्फत मेंदूकडे जातात. मात्र हे तंतू केवळ संदेशवाहक नसतात. उद्दीपित झाल्यावर त्यांच्या टोकांतून ‘पदार्थ-पी’ (फोन ऑयलर व गॅडम यांनी १९३१ मध्ये शोधलेला) आणि कॅल्सिटोनीन जनुकसंबंधित पेप्टाइड हे रेणू बाहेर पडतात. त्यांमुळे रक्तवाहिन्या विस्फारतात, रक्तद्रव ऊतकात झिरपतो व सूज येते. यास तंत्रिकाजन्य शोथ म्हणतात. त्याच वेळी प्रतिक्षेपी क्रियेने परानुकंपी तंत्रिका ॲसिटिलकोलीन सोडतात व ग्रंथींचा स्राव वाढतो. शोथयुक्त ऊतकात निर्माण होणारा तंत्रिकावृद्धी घटक तंतूंना अधिक संवेदनशील करतो. परिणामी क्षुल्लक कारणही पुरेसे ठरते.

फोडणीत मिरची जळताच शिंका येऊन नाक गळू लागते, हे याच यंत्रणेचे परिचित उदाहरण होय. मिरचीतील कॅप्सायसिनाचा तंत्रिकाग्राही डेव्हिड जूलियस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ओळखला. जूलियस यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक अर्डेम पाटापूटियन यांच्यासमवेत मिळाले. कॅप्सायसिनाच्या नियंत्रित मात्रा वारंवार दिल्यास हे तंतू निष्प्रभ होतात व ॲलर्जीरहित प्रकारातील काही रुग्णांस आराम पडतो. हा उपचार तज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो; घरी नाकात तिखट घालणे घातक आहे.

ॲलर्जीरहित प्रकारात पोटात घ्यावयाच्या हिस्टामीनविरोधी गोळ्यांचा उपयोग मर्यादित असतो. ॲसिटिलकोलिनास रोधणाऱ्या इप्राट्रोपियमाच्या फवाऱ्याने गळणे कमी होते. चोंदणे मात्र सुटत नाही. नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांहून अधिक काळ वापरल्यास सूज उलट वाढते व त्यांची सवय जडते. म्हणून दीर्घकाल टिकणारे पडसे स्वतःच्या मताने औषधे न घेता तज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक असते.