वापरलेल्या संगणक-भागांची ऑनलाइन विक्री

एका संगणकातून काढलेले, परंतु अद्याप कार्यक्षम असलेले सुटे भाग खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर जाहिरात देऊन विकण्याचा व्यवहार. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, मॉनिटर इ. भागांचा त्यात मुख्यत्वे अंतर्भाव होतो. संगणक हा प्रमाणित जोडण्यांच्या स्वतंत्र भागांचा बनलेला असतो. त्यामुळे संपूर्ण संच कालबाह्य झाला, तरी त्यातील काही भाग दुसऱ्या संचात अनेक वर्षे काम देऊ शकतात. हाच या व्यापाराचा आधार होय. दुकानातील वस्तू ग्राहक हाताळून व चालवून पाहतो. ऑनलाइन व्यवहारात ती सोय नसल्याने जाहिरातीतील वर्णनच परीक्षेची जागा घेते. म्हणून या व्यापाराचे यशापयश भागाच्या गुणवत्तेइतकेच वर्णनाच्या खरेपणावर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात जुन्या वस्तूंच्या व्यापाराची परंपरा जुनी आहे. पुण्यात मंगळवार पेठेलगत बुधवारी व रविवारी भरत आलेला जुना बाजार प्रसिद्ध आहे. बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विद्युत् व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची, तर मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) ही संगणक-सामग्रीची बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. ऑनलाइन विक्रीच्या क्षेत्रात मुंबईत २००० साली सुरू झालेले ‘बाझी डॉट कॉम’ हे भारतातील आरंभीच्या संकेतस्थळांपैकी एक होय. अमेरिकेतील ‘ईबे’ कंपनीने ते २००४ मध्ये विकत घेतले. पुढे ईबेचा भारतातील व्यवसाय २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. दरम्यान ओएलएक्स (स्थापना २००६) व क्विकर (२००८) यांनी स्थानिक जाहिरातींची पद्धत रूढ केली. तीत संकेतस्थळ केवळ दोघांची गाठ घालून देते. पैसे व वस्तू यांची देवघेव त्या दोघांनी परस्पर करावयाची असते. ओएलएक्सचा भारतातील व्यवसाय २०२३ मध्ये कारट्रेड टेक या कंपनीने घेतला.

भोर व वेल्हे परिसर : पुणे जिल्ह्याच्या दक्षिण व नैर्ऋत्य भागातील हे दोन डोंगरी तालुके आहेत. पूर्वीच्या भोर संस्थानची राजधानी असलेले भोर पुण्यापासून सु. ५० किमी., तर तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे सु. ६० किमी. अंतरावर आहे. वेल्हे तालुक्यास २०२५ मध्ये राजगड हे नाव देण्यात आले. भोर हे नगरपरिषदेचे गाव आहे व तालुक्यातील धांगवडी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. परंतु दोन्ही तालुक्यांतील वस्ती मुख्यतः नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत विखुरलेली आहे. संगणकाच्या भागांची मोठी बाजारपेठ पुण्यातच असल्याने एका रॅमसाठीही येथील ग्राहकाचा प्रवासात दिवस मोडतो. ऑनलाइन जाहिरातींमुळे भागाचा शोध व भावाची तुलना गावात बसून करता येते. मात्र भाग सदोष निघाल्यास परत जाण्याचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो. पुण्यातील ग्राहकाला खोट्या वर्णनाची किंमत भागापुरती, तर वेल्ह्यातील ग्राहकाला ती भागासह प्रवासाची आणि मोडलेल्या दिवसाची मोजावी लागते.

पुरवठ्याचा मुख्य स्रोत शहरातील कार्यालये हा आहे. ती ठराविक काळाने संगणक बदलतात व जुने संच व्यापाऱ्यांमार्फत बाजारात येतात. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ साठी मान्य नसल्याने तशा संचांची उपयुक्तता कार्यालयांच्या दृष्टीने संपली. तथापि लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर ते शालेय अभ्यास, टंकलेखन व हिशेब यांसाठी उत्तम चालतात. याउलट २०२५ च्या अखेरीस नव्या रॅमचे भाव जगभर वाढल्याने जुन्या रॅमलाही महत्त्व आले.

वर्णनाचे महत्त्व : वापरलेल्या वस्तूचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. या विषमतेचे विश्लेषण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने केले. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यांच्या विवेचनानुसार चांगली व वाईट वस्तू ओळखता येत नसेल, तर ग्राहक मध्यम किंमतच देऊ करतो. ती चांगल्या वस्तूच्या मालकाला परवडत नाही व तो बाजारातून बाहेर पडतो; अखेरीस सदोष वस्तूच विक्रीस उरतात. पडताळता येईल असे वर्णन हाच यावरील उपाय ठरतो. ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द कोणीही लिहू शकतो. चाचणीच्या अहवालाचे छायाचित्र देण्यासाठी मात्र भाग खरोखर चालावा लागतो.

भागांची पारख : वर्णनात प्रथम भागाचा नेमका प्रकार द्यावा लागतो. डीडीआर३ व डीडीआर४ या प्रकारच्या रॅमपट्ट्यांच्या खाचा भिन्न जागी असतात. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. ‘एलजीए ११५१’ या एकाच नावाच्या सॉकेटचेही दोन प्रकार आहेत. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर त्यांत सामान्यतः परस्परांऐवजी चालत नाहीत. म्हणून मदरबोर्ड व प्रोसेसर यांचा पूर्ण मॉडेल क्रमांक दिल्याशिवाय जाहिरात निरुपयोगी ठरते.

त्यानंतर स्थितीचा पुरावा येतो. हार्ड डिस्क स्वतःच्या वापराची नोंद ठेवते; ती किती तास चालली व तिचे किती सेक्टर खराब होऊन बदलले गेले, हे ‘स्मार्ट’ अहवालात दिसते. एसएसडीच्या अहवालात लिहिलेल्या माहितीचे एकूण प्रमाण व झीज कळते. मोठी क्षमता खोटी दाखविणारे एसएसडीही बाजारात आढळतात. त्यांची खरी क्षमता ते पूर्ण भरून पाहिल्यावरच समजते. रॅमची चाचणी मेमटेस्टसारख्या प्रोग्रामने काही तास घेतली जाते. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत पूर्वीचा वापर विचारणे योग्य असते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलल्यावर अहोरात्र चाललेली अनेक कार्डे जगभर विक्रीस आली. जुना एसएमपीएस बिघडल्यास त्याला जोडलेले इतर भागही निकामी होऊ शकतात; म्हणून तो नवा घेणे श्रेयस्कर मानतात.

व्यवहार व फसवणूक : महाग भागाची सुपूर्दी समोरासमोर, शक्यतो एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात भाग चालवून पाहून केली जाते. भोरकडील ग्राहकाला एसटीने स्वारगेट गाठून असा व्यवहार एका फेरीत उरकता येतो. टपालाने पाठविताना भाग स्थिर-विद्युत्‌रोधक पिशवीत घालून कडक खोक्यात बांधतात. नोंदणी टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे.

आगाऊ रक्कम घेऊन भाग न पाठविणे हा फसवणुकीचा साधा प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात विक्रेताच फसतो. खोटा ग्राहक रक्कम पाठवितो असे सांगून क्यूआर संकेत स्कॅन करावयास लावतो व विक्रेत्याने पिन देताच त्याच्याच खात्यातून पैसे जातात. रक्कम स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. व्यक्ती-व्यक्तींमधील यूपीआय ‘रक्कम मागणी’ची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. आर्थिक सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते.

कायदेशीर बाजू : वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, अशी अट माल विक्री अधिनियम, १९३० (कलम १५) मध्ये आहे; ती खाजगी विक्रेत्यालाही लागू होते. मात्र ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांतून व्यावसायिक सातत्याशिवाय, वैयक्तिक नात्याने केलेले व्यवहार वगळले आहेत. अशा व्यवहारात ग्राहकाला मुख्यतः मूळ वर्णनावरच विसंबावे लागते; म्हणून जाहिरात व संदेश यांची प्रत जपून ठेवणे इष्ट असते. संकेतस्थळांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार विशिष्ट शर्तींवर संरक्षण मिळते. चोरीचा भाग घेणाऱ्यास त्याची मालकी मिळत नाही. त्यामुळे मूळ बिल महत्त्वाचे ठरते.

माहिती व ई-कचरा : फाइल पुसल्याने किंवा डिस्क जलद पद्धतीने फॉरमॅट केल्याने तिच्यावरील मजकूर नाहीसा होत नाही, तो परत मिळविता येतो. छायाचित्रे, आधारपत्राच्या प्रती व बँकेची कागदपत्रे परक्या हाती पडू नयेत म्हणून विक्रीपूर्वी हार्ड डिस्कवर सर्वत्र पुनर्लेखन करतात. एसएसडीसाठी उत्पादकाचा सुरक्षित-पुसणी आदेश वापरतात. तसे शक्य नसल्यास डिस्क न विकणेच हिताचे असते.

विकले न जाणारे भाग ई-कचरा ठरतात. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाणे अपेक्षित आहे. तांब्यासाठी तारा व मंडलपट्ट जाळल्यास विषारी धूर निघतो आणि शिसे व इतर जड धातू मातीत व पाण्यात मिसळू शकतात. पुण्याला पाणी पुरविणारे पानशेत धरण वेल्हे तालुक्यात, तर नीरा खोऱ्याच्या सिंचनाचे भाटघर धरण भोर तालुक्यात आहे. म्हणून शहरातून या डोंगरांत आलेला भाग निकामी झाल्यावर शहरातील पुनर्चक्रणकर्त्याकडे परत पोहोचविणे, हा या व्यापाराचाच शेवटचा टप्पा मानला पाहिजे.